सांभाळणाऱ्यांना सांभाळायचं तर आधी ड्युटीचा तक्ता बघा

सकाळचे आठ वाजलेत. मेडिकल वॉर्ड, ३६ खाटा, शिवाय जमिनीवर सात गाद्या. रात्रपाळीची सिस्टर सकाळपाळीला ओव्हर देते आहे, म्हणजे कुणाची रात्र कशी गेली ते सांगून पेशंट सोपवते आहे. ही सिस्टर आमच्याकडे नवी आली तेव्हा ओव्हर देताना पेशंटचं नाव घ्यायची. ‘आजींना रात्री दोनदा दम लागला, ऑक्सिजन लावला, पहाटे जरा डोळा लागलाय, आत्ताच उठवू नका.’ त्या दिवशी ती म्हणाली, ‘नऊ नंबर. सेम.’ आजींनी खाटेवरून हाक मारली, तिने मान वळवली नाही. पेनाचं टोपण दातात धरून ती पुढचा केसपेपर उलटत राहिली.

मी तेव्हा त्या वॉर्डाची इन्चार्ज होते. तिला बाजूला घेऊन मी सुनावलं, पेशंटशी असं वागतात का? ‘सॉरी सिस्टर’ म्हणाली आणि पर्स उचलून गेली. दुपारी पुढच्या पंधरवड्याचा तक्ता लावायला बसले, तेव्हा सहज मागचे तक्ते चाळले. त्या महिन्यात तिला ११ नाईट लागल्या होत्या. तिचा ऑफ तीनदा रद्द झाला होता, आणि तिन्ही ठिकाणी लाल पेनाने मारलेली काट माझ्याच हातची होती.

म्हणून दवाखान्यात काम करणाऱ्यांच्या ताणाविषयी कुणी विचारलं की मी तक्त्यापासून सुरुवात करते. माणूस खचतो तो एका दिवसात नाही, आणि त्याच्या खचण्याचा बराचसा हिशेब त्या कागदावर आधीच लिहिलेला असतो.

विहिरीचा तळ

ताण सगळ्यांनाच येतो. कॅज्युल्टीत एकदम तीन अपघाताच्या केसेस आल्या की छाती धडधडते, हात भराभर चालतात, भूक मरते. काम आवरतं, घरी जाऊन झोप होते, माणूस पुन्हा ताजातवाना होतो. हे विहिरीसारखं आहे. दिवसभर उपसा झाला तरी रात्री झरे पाझरतात आणि सकाळी पाणी वर आलेलं असतं. पण रात्रीही मोटर चालूच ठेवली, दुसऱ्या दिवशीही, तिसऱ्या दिवशीही, तर तळ दिसायला लागतो. मग मोटर बंद केली तरी पाणी लगेच चढत नाही. ही तळ लागलेली अवस्था म्हणजे बर्नआउट. ऑफच्या दिवशी दिवसभर झोपूनही संध्याकाळी ‘उद्या जायचंय’ या विचाराने पोटात गोळा येतो, तेव्हा समजावं की नुसता थकवा राहिलेला नाही.

हा शब्द या अर्थाने रूढ झाला तोही एका दवाखान्यातूनच. हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर नावाचे मानसशास्त्रज्ञ दिवसभर स्वतःची प्रॅक्टिस करून संध्याकाळी न्यूयॉर्कमधल्या एका मोफत दवाखान्यात काम करायचे. तिथे जीव ओतून काम करणारी माणसं हळूहळू विझताना त्यांनी पाहिली, स्वतःही ते त्यातून गेले, आणि १९७४ मध्ये त्यांनी त्यावर लिहिलं. पुढे क्रिस्टिना मास्लाक आणि सुझन जॅक्सन यांनी १९८१ मध्ये बर्नआउट मोजायची प्रश्नावली तयार केली. ती आजही वापरात आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये मंजूर झालेल्या आजारांच्या नव्या वर्गीकरणात बर्नआउटच्या तीन खुणा दिल्या आहेत. पहिली, अंगातलं त्राण संपणं. दुसरी, कामापासून मन तुटणं, त्याबद्दल कडवटपणा येणं. तिसरी, आपल्या हातून काही धड होत नाही असं वाटणं. यातली दुसरी खूण वॉर्डात सगळ्यात जास्त चुकीची वाचली जाते. आजींचा ‘नऊ नंबर’ होतो, तेव्हा आम्ही म्हणतो सिस्टर उद्धट झाली, डॉक्टरला माज आला. खरं तर रोज इतकं दुःख अंगावर येत असतं की मन स्वतःभोवती जाड कातडी ओढून घेतं. ज्याला मुळात काही वाटतच नाही, त्याला ती ओढायची गरज पडत नाही. पूर्वी सगळ्यात मायेने वागणारी सिस्टर अचानक तुसडी झाली तर तिला मेमो देण्याआधी तिच्या मागच्या दोन महिन्यांच्या ड्युट्या बघा, ही माझी कळकळीची विनंती आहे.

त्याच वर्गीकरणात आणखी एक गोष्ट स्पष्ट म्हटली आहे: बर्नआउट हा आजार नव्हे, कामाच्या ठिकाणच्या आटोक्यात न आलेल्या ताणाचा तो परिणाम. मूळ कामात असेल तर उपायही कामातच शोधायला हवा. नैराश्य मात्र वेगळं. ते कामापुरतं राहत नाही, घर, पोरंबाळं, सण, जेवण, सगळ्यातला रस नेतं. आठवडेच्या आठवडे असं चाललं, झोप उडाली, जगण्यात अर्थ नाही असं वाटू लागलं तर तक्ता बदलून भागणार नाही, मानसोपचारतज्ज्ञच हवा. सरकारची ‘टेली-मानस’ सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस असते आणि मराठीत बोलता येतं. आपण रोज दुसऱ्यांना औषधं देतो म्हणून आपण हा नंबर फिरवायचा नाही, असं कुठेही लिहिलेलं नाही.

जागरणाचं गणित

१९९७ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या दोन संशोधकांनी काही लोकांना जागं ठेवून त्यांच्या हातांची आणि लक्षाची चाचणी घेतली. सलग १७ तास जागा असलेला माणूस रक्तात ०.०५ टक्के दारू असलेल्या माणसाइतका मंदावतो, आणि २४ तासांनंतर साधारण ०.१० टक्के दारू असल्यासारखा, असं त्यांना दिसलं. आपल्याकडे गाडी चालवताना कायद्याने मर्यादा आहे ०.०३ टक्के. म्हणजे ज्या अवस्थेत माणसाला स्कूटर चालवू देणं गुन्हा ठरेल, त्याहून वाईट अवस्थेत आपण त्याला पहाटे पाचला इन्सुलिनचा डोस काढायला लावतो.

बोस्टनमधल्या एका रुग्णालयाने हे आयसीयूत तपासलं. २४ तास किंवा त्याहून लांब पाळ्या करणाऱ्या शिकाऊ डॉक्टरांच्या हातून, पाळ्या लहान केलेल्या डॉक्टरांपेक्षा ३६ टक्के जास्त गंभीर चुका झाल्या. हा अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातले डॉक्टर तेच, त्यांचं शिक्षण तेच. बदललं होतं ते वेळापत्रक.

आपल्याकडे नियम नाहीत असं नाही. निवासी डॉक्टरांना सलग १२ तासांपेक्षा जास्त आणि आठवड्याला साधारण ४८ तासांपेक्षा जास्त ड्युटी नको, असं केंद्र सरकारने १९९२ मध्येच सांगितलं होतं. २०२३ च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नियमांत मात्र आकडा नाही, ‘वाजवी तास’ असे शब्द आहेत. वाजवी म्हणजे किती, हे ज्याच्या हातात तक्ता त्याने ठरवायचं. २०२४ मध्ये आयोगाच्याच कृतिदलाने आठवड्याला ७४ तासांची मर्यादा सुचवली. ती शिफारस आहे, आणि सकाळी आठला आलेला रेसिडेंट दुसऱ्या दिवशी रात्री आठला हॉस्टेलवर जातो, हे अनेक ठिकाणचं वास्तव आहे. त्यात २०२१ सारखं वर्ष येतं. नीट-पीजीचे, म्हणजे डॉक्टरांच्या पदव्युत्तर शिक्षणाचे, प्रवेश लांबले, पहिल्या वर्षाची बॅच आलीच नाही, आणि तीन बॅचचं काम दोन बॅचनी केलं. अशा वेळी त्या मुलांना मन खंबीर ठेवायला सांगणं मला क्रूरपणाचं वाटतं.

परिचारिकांचं गणितही कागदावर स्वच्छ आहे. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषाप्रमाणे शिकवणाऱ्या रुग्णालयात सर्वसाधारण वॉर्डात तीन खाटांना एक परिचारिका, म्हणजे दर पाळीला नऊ खाटांमागे साधारण एक. ३६ खाटांच्या आमच्या वॉर्डात रात्री चौघी हव्यात. मी इन्चार्ज असताना बऱ्याच रात्री एकच असायची, नशीब असेल तर सोबत एक विद्यार्थिनी. एका टोकाला पेशंटला झटके येताहेत आणि दुसऱ्या टोकाला रक्त चढवलेल्या पेशंटला थंडी वाजून आली आहे, अशा वेळी कुणाकडे धावायचं? ज्याच्याकडे गेली नाही त्याचा चेहरा ती घरी घेऊन जाते. काय करायला हवं हे कळतंय, येतंय, पण परिस्थिती करू देत नाही. या जखमेला अलीकडे वेगळं नाव दिलं जातं, नैतिक इजा. थकवा झोपेने उतरतो, हे नुसत्या झोपेने उतरत नाही.

तक्ता लावताना

आता जे हातात आहे ते. माणसं वाढवणं इन्चार्जच्या हातात नसतं. तक्ता असतो.

पाळ्या सकाळ, मग दुपार, मग रात्र अशा पुढे सरकत्या लावल्या तर शरीराला जमवून घेणं सोपं जातं. उलट्या लावल्या तर अवघड. दुपारपाळी रात्री आठला संपवून दुसऱ्या दिवशी सकाळी आठला परत बोलावलं, की कर्जत किंवा विरारला राहणाऱ्या बाईला मधे जेमतेम पाच तास झोप मिळते. स्वयंपाक, डबे, लोकल, सगळं त्यातच. नाईट उतरल्यावरचा दिवस हा झोपेचा, तो ऑफ म्हणून मोजू नये. खरा ऑफ त्यानंतर सुरू होतो. ही एक चूक सुधारली तरी वॉर्डाचा रंग बदलतो, हे मी स्वतः पाहिलं आहे.

तक्ता निदान दोन आठवडे आधी भिंतीवर लागावा. मुलाच्या शाळेत कोण जाणार, सासूबाईंना डायलिसिसला कोण नेणार, हे घरी ठरवता येतं. ज्या कामावर आपला काहीच ताबा नाही ते काम माणसाला जास्त थकवतं. आणि ऑफ रद्द करावाच लागला तर फोनवर ‘ये गं बाई, अडचण आहे’ एवढ्यावर सोडू नका. वहीत लिहा, आणि त्याच पंधरवड्यात परत द्या. आमच्याकडे अशी एक वही मी नंतर सुरू केली. पहिल्याच महिन्यात दिसलं की ऑफ नेहमी त्याच तिघींचे जात होते, ज्या ‘नाही’ म्हणत नव्हत्या.

रात्री दोन ते चारच्या मधे आळीपाळीने वीस-तीस मिनिटांची डुलकी घेऊ द्यावी. अनेक ठिकाणी झोपलेली सिस्टर दिसली की गुन्हा मानतात. ठरवून, एकमेकींना सांगून घेतलेली डुलकी पेशंटच्याच फायद्याची असते. त्यासाठी आतून कडी लागणारी, दिवा आणि पंखा असलेली खोली हवी. ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्यातली निवासी डॉक्टर लांबलचक ड्युटीत विश्रांतीसाठी सेमिनार हॉलमध्ये गेली होती, आणि तिथेच तिच्यावर अत्याचार होऊन तिचा खून झाला. त्यानंतर सर्वोच्च न्यायालयाने ३६-३६ तासांच्या ड्युट्या अमानुष असल्याचं म्हटलं आणि राष्ट्रीय कृतिदल नेमलं. विश्रांतीची खोली ही चैन आहे असं ज्यांना अजून वाटतं, त्यांनी ही घटना आठवावी.

निरुपयोगी कामं काढून टाकणं हाही ताणावरचा उपाय आहे. हवाईमधल्या एका रुग्णालय-समूहाने २०१७ मध्ये कर्मचाऱ्यांना विचारलं, संगणकातली कोणती नोंद तुम्हाला बिनकामाची वाटते? त्यातून दर तासाच्या फेरीची एक नोंद निघाली. एका क्लिकला २४ सेकंद. चार रुग्णालयांत मिळून महिन्याला जवळपास १,७०० परिचारिका-तास त्यात जात होते. ती नोंद त्यांनी बंद केली. आमच्याकडे संगणक नव्हता, पण रात्रीच्या पेशंटसंख्येची नोंद चार रजिस्टरांत व्हायची. मी एकेका रजिस्टरचा धागा धरून ते कुणाकडे जातं ते शोधलं. दोन रजिस्टरं कुणीच उघडत नव्हतं. ती बंद करायची परवानगी मिळायला दोन महिने लागले, पण मिळाली.

‘माणसंच नाहीत तर तक्ता कसला?’ हे मला नेहमी ऐकवलं जातं, आणि ते खरंही आहे. त्यासाठी रोजच्या रोज एक ओळ लिहा: आज पेशंट किती, सिस्टर किती, मावशी-मामा किती. तीन महिन्यांनी अधिसेविका मॅडमच्या टेबलावर रडगाणं घेऊन जाण्याऐवजी आकडे घेऊन जाता येतं. तोंडी तक्रार विसरली जाते, आवक क्रमांक पडलेला कागद फाईलमध्ये राहतो.

मावशी आणि मामा म्हटलं म्हणून सांगते. ताणाची चर्चा डॉक्टरांपासून सुरू होते, सिस्टरपर्यंत येते आणि तिथे थांबते. बेडपॅन देणाऱ्या, मृतदेह बांधून शवागारात नेणाऱ्या माणसाला कुणी विचारत नाही. त्यातले कितीतरी कंत्राटी असतात. त्यांचा ऑफ म्हणजे बुडालेली रोजी. त्यांच्यासाठी वेळेवर झालेला पगार हाच मोठा मानसिक आधार आहे.

मृत्यूनंतरची दहा मिनिटं

पहाटे साडेपाचला एक तरुण मुलगा गेला. सिस्टरने सलाइन काढलं, ट्यूब काढली, डोळे मिटवले, आईला सांगितलं. सहाला इंजेक्शनची ट्रे घेऊन ती पुढच्या खाटेशी उभी. पुढच्या पेशंटला यातलं काहीच ठाऊक नाही, तो म्हणतो, ‘सिस्टर, काल पण तुम्ही उशीर केला.’

इथे दहा मिनिटं मधे टाकता येतात. दुसऱ्या सिस्टरने, ती नसेल तर शेजारच्या वॉर्डातून कुणी येऊन, ट्रे हातातून घ्यायची. तोंड धुवायचं, पाणी प्यायचं, रडू आलं तर रडायचं. अमेरिकेत व्हर्जिनियातल्या एका इमर्जन्सी विभागातल्या जोनाथन बार्टल्स या नर्सने एक साधी पद्धत सुरू केली: पेशंट गेल्यावर खोलीतल्या सगळ्यांनी मिनिटभर शांत उभं राहायचं. गेलेल्या माणसासाठी, आणि त्याला वाचवायला झटलेल्या हातांसाठी. यासाठी बजेट लागत नाही.

चूक झाली तर काय, हा आणखी नाजूक भाग. डोस चुकला, पेशंटला त्रास झाला. पहिला पीडित पेशंटच, त्यात वाद नाही. पण ज्याच्या हातून चूक झाली तोही आतून कोसळतो. अल्बर्ट वू या डॉक्टरांनी २००० मध्ये त्याला ‘दुसरा पीडित’ म्हटलं. त्यांच्याच जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात पुढे अशी व्यवस्था झाली की अशा वेळी प्रशिक्षण घेतलेला सहकारी कोणत्याही तासाला फोनवर मिळतो आणि ऐकून घेतो. चौकशी वेगळी चालते, धीर देणारा माणूस वेगळा असतो. आपल्याकडे चौकशी, ओरडा आणि धीर हे तिन्ही एकाच केबिनमध्ये उरकतात, आणि धीर द्यायचा राहून जातो. मात्र प्रसंगानंतर सगळ्यांना सक्तीने बसवून ‘बोला, काय वाटलं ते’ असंही करू नये. अशा एकाच सक्तीच्या बैठकीचा उपयोग होत नाही, काहींचा त्रास उलट वाढू शकतो, असं अभ्यासांच्या आढाव्यांत दिसलं आहे. दार उघडं ठेवावं, ओढून आणू नये.

बोलण्यासाठी ठरलेली जागा मात्र असावी. बोस्टनमधले वकील केनेथ श्वार्ट्झ फुप्फुसाच्या कॅन्सरने १९९५ मध्ये गेले. आजारपणात परिचारिका-डॉक्टरांच्या मायेच्या लहान लहान कृतींनी त्यांना आधार दिला होता. त्यांच्या नावाने १९९७ पासून रुग्णालयांत बैठका सुरू झाल्या. महिन्यातून एकदा तासभर डॉक्टर, सिस्टर, सफाई कामगार एकत्र बसतात आणि एखाद्या पेशंटने आपल्या मनावर काय उमटवलं ते सांगतात. निदान, औषध यावर चर्चा नाही, सल्ला नाही. ज्याला मोठे साहेब समजतो त्यांनाही रात्री झोप लागली नव्हती हे कळलं, की ज्युनिअरच्या मनावरचा अर्धा दगड उतरतो.

नातेवाइकांच्या मारहाणीची भीती हा ताणाचा मोठा भाग. महाराष्ट्रात २०१० पासून कायदा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजारांपर्यंत दंड. पण कायदा मारहाण झाल्यावर कामाला येतो. आधी कामाला येतं ते बोलणं. पेशंट खालावतोय हे नातेवाइकांना दिवसातून दोनदा, ठरलेल्या वेळी, वरिष्ठ डॉक्टरने बसून सांगितलं तर राग पेटायला कमी जागा उरते. हे काम पहिल्या वर्षाच्या रेसिडेंटवर आणि एकट्या सिस्टरवर ढकललं जातं, तिथेच ठिणगी पडते.

योगवर्ग, ध्यान, समुपदेशन यांना माझा विरोध नाही. ‘लॅन्सेट’मध्ये २०१६ मध्ये आलेल्या डॉक्टरांवरच्या अभ्यासांच्या आढाव्यात, माणसासाठीचे असे उपाय आणि कामाच्या रचनेतले बदल, दोन्हींनी बर्नआउट काही प्रमाणात कमी होतो असं दिसलं. पण दोनला ड्युटी सुटल्यावर तीन वाजता सक्तीचा योगवर्ग ठेवणं म्हणजे तिच्या झोपेतूनच तास काढून घेणं. घ्यायचाच तर ड्युटीच्या वेळेत घ्या, आणि तिच्या जागी कुणीतरी उभं करा.

त्या सिस्टरशी मी दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलले. आधी माफी मागितली. ‘टेन्शन घेऊ नकोस’ म्हटलं नाही, त्याने काही होत नाही. विचारलं, ‘झोप लागते का गं?’

‘लागते सिस्टर. पण झोपेतपण वॉर्डातच असते. कुणीतरी हाक मारतं, उठते, तर घर असतं.’

‘जेवतेस कधी?’

ती जरा आठवायला थांबली. मला त्यातच कळलं.

तिचे राहिलेले तिन्ही ऑफ मी सलग लावले आणि महिनाभर नाईट बंद केल्या. त्या नाईट बाकीच्यांत वाटल्या, तेव्हा कुरकुर झाली. त्यांतल्या तिघींना मी का ते सांगितलं, बाकीच्यांना सांगितलं नाही. ती लगेच पहिल्यासारखी झाली नाही. तीन महिन्यांनी तिने स्वतःहून ओपीडी मागितली आणि मिळाली. वर्षभराने मी विचारलं, वॉर्डात परत येतेस का?

‘येते की,’ ती म्हणाली. ‘नाईटला दोघी लावणार असाल तर.’